दूरदर्शनचा डोळा आणि केशरी रंग: सरकारी वाहिनीच्या चिन्हांत काय पाहावे, काय विचारावे?

16 एप्रिल 2024 रोजी डीडी न्यूज या सरकारी वृत्तवाहिनीचा लोगो बदलला. आधी लाल असलेला लोगो केशरी झाला. तीन दिवसांनी, 19 एप्रिलला, लोकसभा निवडणुकीच्या पहिल्या टप्प्याचे मतदान होते आणि देशात आचारसंहिता लागू होती. त्यामुळे रंगाचा हा बदल वाहिनीपुरता राहिला नाही, त्याचा राजकीय वाद झाला.

हा वाद आपल्या घरांपर्यंतही आला. दूरदर्शन ही आपल्यापैकी अनेकांच्या घरातली पहिली वाहिनी. आजही डिश-केबलचा खर्च परवडत नाही अशा कितीतरी घरांत डीडी फ्री डिशच लागते. त्या पडद्याचा रंग बदलला की, "हे आता आपलं राहिलं नाही का?" असा प्रश्न मनात येतो. कोणी तो बोलून दाखवतो, कोणी गप्प बसतो.

या प्रश्नाला रागाने किंवा दुर्लक्ष करून उत्तर देता येणार नाही. त्यासाठी माहिती हवी. दूरदर्शनचे चिन्ह कुठून आले, राष्ट्रचिन्ह कोणते आणि धर्मचिन्ह कोणते, कायदा सरकारी वाहिनीकडून काय अपेक्षा करतो आणि सामान्य माणूस काय विचारू शकतो, हे या लेखात एकत्र दिले आहे.

नेमके काय घडले?

नवा लोगो जाहीर करताना डीडी न्यूजने म्हटले की आमची मूल्ये तीच आहेत, फक्त रूप नवे आहे. त्यावर लगेच टीका झाली. प्रसार भारतीचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी आणि तेव्हाचे तृणमूल काँग्रेसचे राज्यसभा खासदार जवाहर सरकार यांनी याला भगवीकरण म्हटले. ही प्रसार भारती राहिली नसून 'प्रचार भारती' झाली, अशी त्यांची टीका होती. ममता बॅनर्जी आणि एम. के. स्टॅलिन या मुख्यमंत्र्यांनीही आक्षेप घेतला.

प्रसार भारतीचे मुख्य कार्यकारी अधिकारी गौरव द्विवेदी यांनी उत्तर दिले की हा रंग भगवा नसून नारंगी आहे, पडद्यावर उठून दिसावा म्हणून निवडला आहे आणि डीडी इंडिया या वाहिनीचा लोगो काही महिने आधी, जी-20 च्या काळात, याच रंगात आला होता. दूरदर्शनचा मूळ लोगो भगवाच होता, असा दावा भाजपच्या काही नेत्यांनी केला.

हा शेवटचा दावा तपासून पाहता येतो. दूरदर्शन 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. तेव्हा प्रसारण कृष्णधवल होते. देशात रंगीत प्रसारण आले 1982 मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या वेळी. म्हणजे पहिली वीस-बावीस वर्षे प्रेक्षकांनी दूरदर्शनचा कोणताही रंग पाहिलेलाच नाही. आज ज्याला आपण दूरदर्शनचा डोळा म्हणतो तो तर 1970 च्या दशकातला.

डोळा कोणी काढला?

हे चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) तयार झाले. देवाशिष भट्टाचार्य हे तेव्हा तिथे विद्यार्थी होते. मधोमध एक गोल आणि त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या दोन वक्र रेषा, असे त्यांचे रेखाटन होते. संस्थेतून गेलेल्या अनेक रेखाटनांमधून इंदिरा गांधींनी हे निवडले, असे सांगितले जाते. 1976 मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि त्या रेषा गोल फिरत-फिरत डोळ्याचा आकार घेतात ते चलचित्र घराघरांत पोहोचले.

या चिन्हात काय नाही, तेही पाहा. त्यात तिरंगा नाही, अशोकस्तंभाचे सिंह नाहीत, कमळ, ओम, चाँद-तारा, क्रॉस यातले काहीच नाही. माणसाचा डोळा सगळ्यांचा सारखाच असतो. 2017 मध्ये प्रसार भारतीने नव्या लोगोसाठी लोकांकडून रेखाटने मागवली, हजारोंनी ती पाठवली, पण डोळा काही गेला नाही.

लोगोखाली 'सत्यं शिवं सुंदरम्' हे बोधवाक्य असे. शब्द संस्कृत आहेत आणि त्यांना हिंदू परंपरेचा गंध आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. आकाशवाणीचे बोधवाक्य 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' हे बौद्ध परंपरेतून आले. देशाचे 'सत्यमेव जयते' मुंडक उपनिषदातून आले. तरी पन्नास वर्षांत आपल्या आई-वडिलांनी या शब्दांवर कधी हरकत घेतल्याचे आठवत नाही. कारण शब्द कुठून आला यापेक्षा तो कोणासाठी वापरला जातो, हे लोक पाहत होते.

सुरांमागची माणसे

चिन्ह फक्त डोळ्यांनी पाहायचे नसते. सरकारी प्रसारणाची खरी ओळख त्याच्या धूनमध्ये आहे, आणि तिथे कोणाकोणाचे हात लागले ते मुलांना सांगण्यासारखे आहे.

आकाशवाणीची सकाळची धून वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. ते ज्यू होते. युरोपात नाझींचे संकट वाढत असताना 1934 मध्ये ते मुंबईत आले आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. आसरा मागायला आलेल्या माणसाने शिवरंजनी रागाच्या आधाराने बांधलेले सूर पुढे देशाची सकाळ झाले.

दूरदर्शनची धून पंडित रविशंकर आणि शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खान यांनी मिळून केली. अल्लामा इक्बाल यांच्या तराना-ए-हिंदला आज आपण जी चाल ऐकतो तीही रविशंकर यांचीच. दूरदर्शनच्या धूनमध्ये त्या चालीची सावली अनेकांना ऐकू येते.

1988 मध्ये आलेल्या 'महाभारत' मालिकेचे संवाद डॉ. राही मासूम रझा यांनी लिहिले. गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौली गावचा हा लेखक स्वतःला गंगेचा मुलगा म्हणवून घेत असे. 'पिताश्री', 'माताश्री' हे शब्द देशभर ज्या मालिकेमुळे तोंडी बसले, तिचे संवाद त्यांच्या लेखणीतले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे तेव्हा आपल्या मोहल्ल्यातले रस्तेही ओस पडायचे. त्याच वर्षी गुलजार यांची 'मिर्झा गालिब' आली आणि उर्दू न येणाऱ्या घरांतही गालिबचे शेर पोहोचले.

म्हणजे सरकारी वाहिनीवर धर्म, पुराण किंवा संस्कृत शब्द दिसले म्हणून ती एका धर्माची झाली, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. तिथे इतर कोण-कोण दिसते आणि कोण दिसेनासे झाले, हे पाहावे लागते.

केशरी, भगवा, नारंगी: एका रंगाची तीन नावे

मराठीत या तिन्ही शब्दांचे वजन वेगळे आहे. नारंगी म्हणजे नुसता रंग. केशरी म्हटले की तिरंग्याचा वरचा पट्टा आठवतो. भगवा म्हटले की वारकऱ्यांची पताका, संन्याशाची वस्त्रे, शिवरायांचा झेंडा आणि अलीकडच्या काळात काही राजकीय पक्ष. एप्रिल 2024 मध्ये एकाच लोगोला कोणी नारंगी म्हटले, कोणी केशरी, कोणी भगवा. शब्द निवडतानाच प्रत्येकाने आपली बाजू निवडली होती.

तिरंग्याचा इतिहास इथे उपयोगी पडतो. 1921 मध्ये पिंगळी व्यंकय्या यांनी गांधीजींपुढे ठेवलेल्या झेंड्यात लाल आणि हिरवा हे रंग हिंदू आणि मुस्लिम समाजांसाठी होते. इतरांसाठी गांधीजींनी पांढरा पट्टा जोडायला सांगितला. पण रंगांची अशी वाटणी केली की प्रत्येक समाज आपला रंग मागणार, हे लवकरच लक्षात आले. म्हणून 1931 मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा झेंडा स्वीकारताना स्पष्ट केले की या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही.

22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला. ठराव मांडताना पंडित नेहरूंनीही हेच सांगितले. त्या दिवशी मुस्लिम लीगच्या सदस्यांनीही ठरावाला पाठिंबा दिला. त्यात आसामचे माजी प्रधानमंत्री सय्यद मुहम्मद सादुल्ला होते, जे पुढे डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीचे सदस्य झाले. केशरी रंगाचे त्यांनी स्वागत केले. हा त्यागाचा रंग आहे आणि त्यागाची परंपरा साधू-संतांची जशी आहे तशी पीर-पंडितांचीही आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

फाळणीला तीन आठवडे उरले होते, त्या दिवसांतले हे बोल आहेत. केशरी रंग पाहून आपण बिचकावे किंवा तो दुसऱ्या कोणाचा आहे असे मानावे, याला कारण नाही. तिरंग्यातला केशरी आपलाही आहे, जसा हिरवा इतर सगळ्यांचाही आहे.

मग आक्षेप चुकीचा होता का? तसेही नाही. रंग तोच असला तरी वेळ आणि संदर्भ यांनी त्याचा अर्थ बदलतो. ऐन निवडणुकीत, आचारसंहिता चालू असताना, सत्ताधारी पक्षाशी जोडला जाणारा रंग सरकारी वृत्तवाहिनीने घ्यावा का, हा प्रश्न रास्त होता आणि तो विचारणारे सगळे मुसलमान नव्हते. तो कोणत्याही धर्माविरुद्धचा प्रश्न नव्हता, सरकारी यंत्रणेच्या तटस्थपणाचा होता. हा फरक आपण बोलताना सांभाळला पाहिजे. "भगवा का?" असे विचारले तर वाद धर्माचा होतो. "निवडणुकीत का?" असे विचारले तर उत्तर प्रशासनाला द्यावे लागते.

चाँद-तारा आणि हिरवा झेंडा

रंगाचा गोंधळ एकतर्फी नाही. टीव्हीवर मुस्लिमांविषयी काही विषय निघाला की पडद्यावर हिरवा रंग आणि चाँद-तारा येतोच. प्रत्यक्षात चाँद-तारा हे कुरआन किंवा हदीसने ठरवून दिलेले चिन्ह नाही. उस्मानी सल्तनतीच्या झेंड्यामुळे ते जगभर मुस्लिमांशी जोडले गेले. आपल्याकडे चाँद महत्त्वाचा आहे तो महिना ठरवण्यासाठी, रमजान आणि ईदसाठी. हिरव्या रंगाला मान आहे, पण तोही श्रद्धेचा भाग नाही, परंपरेचा आहे.

उरूस, ईद-ए-मिलाद किंवा दर्ग्यावरचा हिरवा झेंडा 'पाकिस्तानी' म्हणून दाखवला गेल्याने वाद होतात. फरक ओळखणे सोपे आहे. पाकिस्तानच्या राष्ट्रध्वजात काठीच्या बाजूला पांढरा उभा पट्टा असतो, उरलेला भाग गडद हिरवा आणि त्यावर पांढरा चाँद-तारा. धार्मिक झेंड्यांत तो पांढरा पट्टा नसतो आणि अनेकदा कलमा, गुंबद किंवा एखाद्या वलीचे नाव असते. ही एवढी माहिती घरातल्या प्रत्येक मुलाला असावी. शाळेत कोणी विचारले तर त्याला शांतपणे सांगता यायला हवे.

राष्ट्रचिन्हे कोणती आणि त्यांचा कायदा काय?

राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत आणि सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतलेले राजचिन्ह ही आपली मुख्य राष्ट्रचिन्हे. राजचिन्ह 26 जानेवारी 1950 रोजी स्वीकारले गेले. त्याचा वापर कोणी करावा हे 2005 च्या कायद्याने ठरवले आहे. चिन्हे आणि नावांच्या गैरवापराविरुद्ध 1950 चा कायदा आहे, तर ध्वज, संविधान आणि राष्ट्रगीत यांच्या अवमानाविरुद्ध 1971 चा कायदा आहे. संविधान, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा मान राखणे हे संविधानाच्या अनुच्छेद 51-अ नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे.

त्याच अनुच्छेदात देशाच्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाची कदर करणे हेही कर्तव्य सांगितले आहे. पहिले कर्तव्य सगळ्यांना आठवते, दुसरे फार कमी लोकांना.

मान राखणे म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये बिजो इमॅन्युएल प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. केरळमधली तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी उभी राहत, पण आपल्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढले. न्यायालयाने म्हटले की आदराने उभे राहणे हाही मानच आहे, श्रद्धेविरुद्ध गाण्याची सक्ती करता येणार नाही, आणि मुलांना परत घ्यायला लावले.

लोगोनंतर पडद्यावर काय येते?

लोगो काही सेकंद दिसतो. त्यानंतर दिवसभर जे दिसते तीच वाहिनीची खरी ओळख. गेल्या काही वर्षांतल्या चार घटना पाहू.

3 ऑक्टोबर 2014 रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सरसंघचालकांचे विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने थेट दाखवले. ती बातमी म्हणून दाखवली, असे सांगण्यात आले. पण बातमी देणे आणि पूर्ण भाषण थेट दाखवणे यात फरक आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला.

मार्च 2024 मध्ये अयोध्येतील राममंदिराची सकाळची आरती रोज थेट दाखवण्याची घोषणा डीडी नॅशनलने केली. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना ती दिसावी, यात कोणाला दुःख असण्याचे कारण नाही. ईदचे कार्यक्रम, मुशायरे, नाताळचे कार्यक्रमही दूरदर्शनने दाखवलेले आहेत. प्रश्न प्रमाणाचा आणि समतोलाचा आहे.

5 एप्रिल 2024 रोजी 'द केरला स्टोरी' हा चित्रपट डीडी नॅशनलवर दाखवला गेला. केरळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी निवडणुकीच्या तोंडावर सरकारी वाहिनीने तो दाखवू नये असे म्हटले होते. चित्रपटगृहात तिकीट काढून पाहणे वेगळे आणि सर्वांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीने तो घरात आणून दाखवणे वेगळे.

चौथी घटना सर्वात लहान वाटते, पण तीच सर्वात जास्त विचार करायला लावते. निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन आणि आकाशवाणीवर भाषणासाठी वेळ मिळतो. मे 2024 मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना कोलकात्यात भाषण ध्वनिमुद्रित करताना 'मुस्लिम' हा शब्द काढायला लावला गेला. ते नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावर बोलत होते. या कायद्यात सहा समाजांची नावे आहेत आणि मुस्लिमांचे नाही, म्हणून हा शब्द लागतो, असे त्यांनी सांगितले. ते मान्य झाले नाही. सीताराम येचुरी यांच्या भाषणातूनही काही शब्द गाळले गेले. आम्ही ठरलेल्या आचारसंहितेप्रमाणेच वागलो आणि इतरांच्या भाषणांतही दुरुस्त्या सुचवल्या होत्या, असे प्रसारण यंत्रणेचे म्हणणे होते.

लोगोचा रंग महिनाभर गाजला. भाषणातून गेलेल्या त्या एका शब्दाची चर्चा दोन दिवसांत संपली. खरे तर उलटे व्हायला हवे होते. लोगो कोणत्याही रंगाचा असला तरी आपण पडद्यावर असू शकतो. आपले नावच उच्चारता येत नसेल, तर लोगो पांढराशुभ्र असूनही काय उपयोग?

कायदा सरकारी वाहिनीकडून काय मागतो?

दूरदर्शन आणि आकाशवाणी या दोन्ही प्रसार भारतीच्या अखत्यारीत येतात. प्रसार भारती कायदा 1990 चा, पण संस्था प्रत्यक्षात आली 1997 मध्ये. कायद्याचे कलम 12 संस्थेची कामे सांगते. त्यातली आपल्या विषयाशी जोडलेली कामे अशी:

- देशाची एकता आणि संविधानातील मूल्ये जपणे.
- सार्वजनिक हिताच्या विषयांवर मोकळी, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क जपणे.
- परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती देणे आणि स्वतःच्या कोणत्याही मताचा किंवा विचारसरणीचा पुरस्कार न करणे.
- देशाच्या विविध भागांतील संस्कृती आणि भाषांना पुरेसे स्थान देणे.
- अल्पसंख्याक आणि आदिवासी समाजांच्या विशेष गरजा लक्षात घेऊन योग्य कार्यक्रम देणे.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. अल्पसंख्याकांसाठी कार्यक्रम हा सरकारचा उपकार नाही, कायद्याने नेमून दिलेले काम आहे. 2006 मध्ये सुरू झालेली डीडी उर्दू ही वाहिनी याच विचारात बसते. पण उर्दू म्हणजेच मुसलमान, असे समजून काम संपत नाही. कोकणातला, मराठवाड्यातला, पश्चिम महाराष्ट्रातला मुसलमान घरात कोकणी, दखनी, मराठी बोलतो. त्याचे जगणे मराठी वाहिनीवर, म्हणजे डीडी सह्याद्रीवर, किती दिसते? मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 पासून चालू आहे, तेव्हा हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

पैशाचाही प्रश्न आहे. जानेवारी 2023 मध्ये केंद्राने प्रसार भारतीच्या आधुनिकीकरणासाठी 2,539.61 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हा पैसा सर्व करदात्यांचा आहे.

इथे काही जण संविधानाचे अनुच्छेद 27 पुढे करतात. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर भरण्याची सक्ती करता येत नाही, असे ते सांगते. पण ते जपून वापरावे. हज अनुदानाला याच अनुच्छेदाच्या आधारे आव्हान दिले गेले होते. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळताना म्हटले की कराचा मोठा भाग एका धर्मासाठी वापरला गेला तरच या अनुच्छेदाचा भंग होतो. ज्या निकालाचा आधार तेव्हा हज अनुदानाला मिळाला, तोच आज आरतीच्या प्रसारणाला मिळेल. म्हणून सरकारी वाहिनीबद्दल बोलताना कलम 12 हा जास्त भक्कम आधार आहे. ते धर्माला विरोध करत नाही, समतोल मागते.

इतर देशांत काय होते?

ब्रिटनच्या बीबीसीचा लोगो म्हणजे तीन चौकटींत तीन अक्षरे. त्यात ना राजमुकुट आहे ना क्रॉस. कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीच्या चिन्हात त्या देशाचे प्रसिद्ध मॅपलचे पान नाही. नॉर्वेत 2013 मध्ये तिथल्या सार्वजनिक वाहिनीने एका वृत्तनिवेदिकेला गळ्यातला छोटा क्रॉस बातम्या वाचताना न घालण्यास सांगितले. बहुसंख्य समाज ख्रिस्ती परंपरेतला असलेल्या देशात हे घडले आणि तिथेही मोठा वाद झाला. तटस्थपणा म्हणजे धर्म पूर्ण झाकणे की सर्वांना सारखी जागा देणे? आपल्या देशाने दुसरी वाट निवडली आहे. ती अवघड आहे, कारण त्यात 'सारखी' हा शब्द रोज पाळावा लागतो.

तक्रार किंवा विचारणा कशी करावी?

1. नोंद ठेवा. वाहिनी, तारीख, वेळ, कार्यक्रमाचे नाव आणि नेमके काय दाखवले किंवा बोलले गेले, हे लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या अर्धवट क्लिपवर विसंबू नका, मूळ कार्यक्रम पाहा.

2. तक्रार करा. केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर माहिती व प्रसारण मंत्रालय निवडून तक्रार नोंदवता येते. नोंदणी क्रमांक जपून ठेवा. स्थानिक केंद्राच्या संचालकांना मराठीत पत्रही पाठवता येते.

3. माहिती अधिकार वापरा. अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे, उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर प्रथम अपील करता येते. मते विचारू नका, नोंदी मागा. उदाहरणार्थ: "लोगोचा रंग बदलण्याचा निर्णय कोणत्या तारखेच्या बैठकीत झाला? त्याचा खर्च किती?" किंवा "गेल्या वर्षी अल्पसंख्याकांच्या गरजा लक्षात घेऊन डीडी सह्याद्रीवर कोणते कार्यक्रम झाले?" किंवा "कायद्यात सांगितलेली, तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद सध्या नेमलेली आहे का?"

4. चांगल्याची दाद द्या. एखादा कार्यक्रम समतोल आणि माहितीपूर्ण वाटला तर तेही कळवा. नुसत्या तक्रारी करणाऱ्याचे पत्र फाईलमध्ये जाते, दोन्ही बाजू लिहिणाऱ्याचे वाचले जाते.

5. तरुणांना तिकडे पाठवा. पत्रकारिता, कॅमेरा, संकलन, निवेदन, संगीत या क्षेत्रांत आपली मुले गेली तर पडद्यावर आपण दिसू. उस्ताद अली अहमद हुसेन खान आणि राही मासूम रझा यांनी दूरदर्शनला जे दिले ते आपल्या हुनराने दिले.

घरात मुलांना काय सांगावे?

मुलाने विचारले, "अब्बा, टीव्हीवरचा डोळा भगवा का झाला?" तर त्याला सरळ सांगा की हा डोळा एका विद्यार्थ्याने काढला, त्याच्या सुरात एका उस्तादाची शहनाई आहे, त्याचा खर्च आपणही उचलतो. रंग कोणताही असो, ही वाहिनी कायद्याने सगळ्यांची आहे.

आणि हेही सांगा की डोळ्याचं काम रंग दाखवणं नाही, बघणं आहे. तो आपल्याकडेही बघतो की नाही, हे विचारायचा हक्क आपला आहे. दहा रुपयांच्या अर्जानेही तो बजावता येतो.